डॅशकॅमचं रेकॉर्डिंग आणि गाणी: एकच पेनड्राइव्ह चालेल का?

औंधचा_वाटसरू

नमस्कार मंडळी. गाडीत कंपनीनेच बसवलेले चार कॅमेरे आहेत: पुढे एक, मागे एक, दोन्ही बाजूंना एकेक. रेकॉर्डिंग ग्लोव्हबॉक्समधल्या यूएसबी-ए पोर्टला लावलेल्या पेनड्राइव्हवर जातं. सध्या १२८ जीबीचा अगदी नखाएवढा पेनड्राइव्ह आहे आणि गाणीही त्याच्यावरच एका फोल्डरमध्ये ठेवली आहेत.

तीन महिने काही त्रास नव्हता. आता दुपारी उन्हातून गाडी काढली की दहा-पंधरा मिनिटांत 'ड्राइव्ह पुरेशा वेगाने लिहीत नाही' असा इशारा येतो आणि रेकॉर्डिंग बंद पडतं. सकाळी तोच ड्राइव्ह, तीच गाडी, काही तक्रार नाही. पाकिटावर ४०० एमबी प्रति सेकंद छापलंय. लॅपटॉपला लावून दोन जीबीची फाइल टाकली तर झरझर जाते.

वापर असा: रोज औंध ते हिंजवडी आणि परत, मिळून साधारण दोन तास. ऑफिसात गाडी उघड्यावर उभी असते, तिथे पार्किंग मोड (उभ्या गाडीतही रेकॉर्डिंग) ९ तास चालू. घरी सोसायटीत बंद.

१) ४०० लिहिलेलं असताना हा संथ कसा?
२) नवीन काय घ्यावं: चांगला पेनड्राइव्ह, पोर्टेबल एसएसडी, की मेमरी कार्ड आणि रीडर?
३) गाणी त्याच्यावरच ठेवावीत की वेगळी?
४) किती जीबी?

'डीलरला विचारा' हे उत्तर मिळालेलं आहे, डीलरकडूनच.

---

फ्लॅश_पुराण

पहिल्या प्रश्नातच बाकीच्या तिघांची उत्तरं दडली आहेत, म्हणून तिथे जरा वेळ घालवतो.

पाकिटावरचा ४०० हा आकडा वाचण्याचा वेग असतो, लिहिण्याचा नाही, आणि त्याच्या आधी बारीक अक्षरात 'अप टू' असतं. शिवाय गाडीतलं पोर्ट बहुतेक वेळा यूएसबी २.० असतं. त्याची कागदावरची मर्यादा ४८० मेगाबिट, म्हणजे ६० एमबी प्रति सेकंद. हातात पडतात ३० ते ४०. म्हणजे ४०० चे पैसे दिले ते लॅपटॉपसाठी, गाडीसाठी नव्हे.

गंमत म्हणजे कॅमेऱ्यांना वेग फारसा लागतच नाही. एका कॅमेऱ्याची एक मिनिटाची फाइल साधारण ३० एमबीची धरा. चार कॅमेरे म्हणजे मिनिटाला १२० एमबी, सेकंदाला २ एमबी, तासाला ७.२ जीबी. टेस्लाच्या मॅन्युअलमध्येसुद्धा अपेक्षा आहे ती सतत ४ एमबी प्रति सेकंद लिहिण्याची आणि किमान ६४ जीबीची, बस. दहा वर्षांपूर्वीचा पेनड्राइव्हही हे करेल असं वाटतं. घोळ 'सतत' या शब्दात आहे.

आजच्या स्वस्त ड्राइव्हमधल्या एका सेलमध्ये (साठवणीचा सूक्ष्म कप्पा) तीन बिट, काहींत चार बिट कोंबलेले असतात. असं लिहायला वेळ लागतो. म्हणून कंट्रोलर (ड्राइव्हचा कारभार बघणारी चिप) थोडी जागा राखून ठेवतो, तिथे आधी एका सेलमध्ये एकच बिट असं भराभर लिहून घेतो आणि मोकळा वेळ मिळाला की ते नीट घडी घालून आत सरकवतो. तुमची दोन जीबीची फाइल या राखीव जागेत गेली, म्हणून झरझर. डॅशकॅममध्ये मोकळा वेळ मिळतच नाही.

त्यात दुसरी भानगड. फ्लॅशमध्ये, म्हणजे पेनड्राइव्ह-कार्डातल्या साठवणीच्या चिपमध्ये, लिहिलेल्या जागेवर थेट पुन्हा लिहिता येत नाही. आधी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो. संगणकातल्या एसएसडीला 'ही फाइल आता नको, जागा मोकळी समज' हे ट्रिम नावाच्या आदेशाने कळतं. साध्या पेनड्राइव्हपर्यंत तो आदेश सहसा पोचत नाही. तीन महिन्यांत तुमचा ड्राइव्ह काठोकाठ भरून अनेकदा फिरलाय. गाडीने जुनी क्लिप काढली तरी कंट्रोलरच्या लेखी ती जागा भरलेलीच. मग ऐन लिहिताना तो चांगला डेटा उचलून इकडून तिकडे हलवतो, ब्लॉक पुसतो आणि मग लिहितो. या खटाटोपात सेकंद-दोन सेकंद, वाईट ड्राइव्हमध्ये त्याहून जास्त, काहीच लिहिलं जात नाही. कॅमेऱ्याकडे साठवून धरायला जागा असते ती काही सेकंदांची. ती भरली की इशारा. म्हणजे सरासरी वेग १५ एमबी असला तरी मधली एक लांब उसंत रेकॉर्डिंग पाडते.

खात्री करायची असेल तर ड्राइव्ह रिकामा करून विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू, मॅक किंवा लिनक्सवर एफ३ हा तपासणीचा प्रोग्रॅम चालवा. पूर्ण क्षमतेने भरू द्या. संपल्यावर फाइली पुसून लगेच दुसऱ्यांदा चालवा. दुसऱ्या फेरीचा लिहिण्याचा वेग तेवढा खरा मानायचा. टास्क मॅनेजरमधला त्या ड्राइव्हचा आलेख उघडा ठेवा. रेष मध्येमध्ये शून्याला टेकत असेल आणि तिथे रेंगाळत असेल तर तो ड्राइव्ह कॅमेऱ्याच्या कामाचा नाही, सरासरी काहीही येवो. १२८ जीबीला प्रत्येक फेरीत दीड-दोन तास सहज जातात, रात्री लावून झोपा.

---

बारा_व्होल्ट

फ्लॅशराव म्हणतात ते कारण बरोबर, पण 'फक्त दुपारीच' याचं उत्तर उष्णतेत आहे.

साध्या पेनड्राइव्हचं कामकाजाचं तापमान कंपन्याच ०° ते ४५° किंवा ०° ते ६०° सेल्सिअस असं देतात. पाकिटावर नसतं, वेबसाइटवरच्या तांत्रिक तक्त्यात असतं. घेण्याआधी तेवढी एक ओळ बघाच. एप्रिल-मेमध्ये पुण्यात बाहेर ४०° असताना बंद काचांच्या गाडीत हवा ६०° च्या आसपास जाते, डॅशबोर्डचा पृष्ठभाग त्याच्याही वर. ग्लोव्हबॉक्स सावलीत असल्यामुळे थोडा बरा, पण तुमच्याकडे ९ तास पार्किंग मोडमध्ये ड्राइव्ह लिहितोय, म्हणजे स्वतःची उष्णता वेगळी. नखाएवढ्या ड्राइव्हला अंगच नाही, उष्णता टाकणार कुठे? चिप तापली की कंट्रोलर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. वर सांगितलेल्या उसंती मग आणखी लांबतात. एसीने केबिन थंड व्हायला दहा-पंधरा मिनिटं, ग्लोव्हबॉक्सच्या आतल्या बाजूला त्याहून जास्त. तुमचा इशारा नेमका त्याच वेळात येतोय.

म्हणून नवा ड्राइव्ह घेताना फार छोटा घेऊ नका. धातूच्या बॉडीचा, बोटाएवढा लांब असेल तर बरा. हात लावल्यावर जास्त चटका बसतो म्हणून लोक घाबरतात. चटका बसतोय याचा अर्थ उष्णता बाहेर येतेय. काही गाड्यांच्या ग्लोव्हबॉक्समध्ये एसीची हवा सोडायचं छोटं बटण किंवा सरकती झडप असते. उन्हाळ्यात ती उघडी ठेवा. पाण्याच्या बाटलीसाठी दिलेली सोय आहे, पण बाटलीपेक्षा ड्राइव्हला तिची जास्त गरज आहे.

आता काय घ्यावं. तुमच्या वापराला माझं मत: हाय एन्ड्युरन्स प्रकारचं १२८ जीबी मायक्रोएसडी कार्ड आणि चांगल्या कंपनीचा यूएसबी-ए कार्ड रीडर. ही कार्डं डॅशकॅम आणि सीसीटीव्हीसाठीच बनवतात, कामकाजाचं तापमान उणे २५° ते ८५° दिलेलं असतं. कार्डावर व्ही३० किंवा यू३ खूण बघा: सतत किमान ३० एमबी प्रति सेकंद. चार कॅमेऱ्यांना व्ही१०, म्हणजे १० एमबी, सुद्धा पुरतं, पण थोडं वरचंच घ्या. ए१, ए२ या खुणा मोबाइलमधल्या अ‍ॅपसाठी असतात, त्यांच्यासाठी जास्त पैसे मोजू नका. साध्या मोबाइल-कार्डाच्या वॉरंटीत डॅशकॅमचा वापर बऱ्याचदा वगळलेला असतो. बारीक अक्षरं वाचली नाहीत तर दुकानात वाद घालून उपयोग नाही.

रीडर मात्र फुकट मिळालेला वापरू नका. त्यातली खाच सैल असते, सिंहगड रोडच्या एका खड्ड्यात कार्ड क्षणभर सुटतं आणि ड्राइव्ह नव्याने लावल्यासारखा होतो. त्या मिनिटाची फाइल गेली. कार्ड टक्कन बसणारा आणि बाहेर फार न डोकावणारा रीडर घ्या.

पोर्टेबल एसएसडी हा तिसरा पर्याय. आतली झीज सांभाळण्याची व्यवस्था सगळ्यांत चांगली, लिहिण्यात उसंत नाही. पण यूएसबी २.० पोर्ट प्रमाणाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतं. काही एसएसडी सुरू होताना त्याहून जास्त ओढतात. मग कधी ओळखली जाते, कधी नाही. पासवर्ड लावला असेल तर गाडीला ती दिसणारच नाही. तापमानाची मर्यादा अनेकींची ६०° च. आणि केबलला लोंबकळत ठेवली तर जोड ढिला होतो, तळाला वेल्क्रोची पट्टी लावून चिकटवावी लागते. पार्किंग मोड चोवीस तास चालू असेल तर एसएसडीचा विचार करा, तुमच्यासाठी जरा जास्तच होईल.

---

औंधचा_वाटसरू

कार्ड आणि रीडर पटतंय. पण ऑनलाइन बघितलं तर १२८ जीबीलाच एकाच कंपनीच्या एका मालिकेवर १०,००० तास, दुसरीवर ६०,००० तास. दुसऱ्या कंपनीचं ७०,०८० तास. हा एवढा फरक खरा की जाहिरात? आणि तासच मोजायचे तर माझं कार्ड किती वर्षं टिकेल?

---

फ्लॅश_पुराण

तास हे एकक फसवं आहे, ते जीबीत आणा. हे आकडे साधारणपणे २६ मेगाबिट प्रति सेकंद या दराने फुल एचडी रेकॉर्डिंग धरून काढलेले असतात. २६ मेगाबिट म्हणजे ३.२५ एमबी प्रति सेकंद, तासाला ११.७ जीबी.

१०,००० तास गुणिले ११.७ म्हणजे १,१७,००० जीबी. भागिले १२८. अख्खं कार्ड सुमारे ९१४ वेळा भरून पुसलं गेलं. ६०,००० तासांना तोच हिशोब ५,४८४ वेळा येतो, ७०,०८० ला साधारण ६,४००. तीन बिटांच्या सेलला हजार ते तीन हजार वेळा हा नेहमीचा अंदाज. त्याच्या पुढचे आकडे निवडक चिप, राखीव जागा आणि कंपनीच्या चाचणीच्या अटी यांवर उभे असतात. फरक खोटा नाही, पण सहापट वर्षं मिळतील असंही धरून चालू नका.

तुमचा हिशोब: प्रवास २ तास आणि पार्किंग ९ तास, दोन्हीकडे सतत लिहितंय असं वाईटात वाईट धरू. ११ तास गुणिले ७.२ म्हणजे रोज ७९ जीबी. महिन्याचे २२ दिवस, वर्षाला सुमारे २१ टीबी. म्हणजे १२८ जीबीचं कार्ड वर्षाला १६५ वेळा भरणार. १०,००० तासांचं कार्डही पाच वर्षं काढेल.

आता हाच हिशोब सध्याच्या पेनड्राइव्हला लावा. तीन महिन्यांत जेमतेम ४१ वेळा भरलाय. आतली उचल-ठेव धरून त्याच्या तिप्पट म्हणा. कुठलाही फ्लॅश एवढ्याने झिजत नाही. तेव्हा 'डॅशकॅमने पेनड्राइव्ह जाळला' असं जे सर्रास म्हटलं जातं ते तुमच्या बाबतीत लागू नाही. तो झिजलेला नाही. भरलेला आहे आणि तापतोय.

क्षमतेचं म्हणाल तर जीबी वाढवून दोन गोष्टी मिळतात: मागचे किती तास हाताशी राहतील, आणि झीज किती जागेवर वाटली जाईल. १२८ मध्ये तुमचे साधारण १७ तास बसतात. गाडी स्वतःच शेवटच्या तासाभराचंच ठेवून बाकीचं पुसत असेल (सेव्ह केलेल्या क्लिप सोडून) तर २५६ घेऊन हाती काही लागत नाही. फोर-के पुढचा आणि फुल एचडी मागचा असा बाहेरून लावलेला डॅशकॅम असेल तर दोन्हींचे मिळून ३७ मेगाबिट धरा, तासाला साडेसोळा जीबी. तिथे १२८ मध्ये साडेसात तासच मावतात, २५६ घ्यावं.

---

बारा_व्होल्ट

खरेदीबद्दल: तपकीर गल्लीत घ्या किंवा ऑनलाइन, जीएसटीचं बिल घ्या आणि त्यावर मॉडेल लिहून घ्या. ऑनलाइन घेताना विक्रेता कोण आहे ते बघा, साइटचं नाव नव्हे. १ टीबी, २ टीबी अशी कार्डं वडापावच्या भावात दिसली तर पुढे चला. त्यात ३२ किंवा ६४ जीबीचीच चिप असते आणि कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. खरी जागा संपली की ते जुन्यावरच लिहीत सुटतं, फाइलींची नावं दिसतात आणि आत कचरा. अपघातानंतर हे कळून उपयोग नाही. त्यामुळे खरं कार्ड असलं तरी पहिल्या दिवशी एचटूटेस्टडब्ल्यूची एक पूर्ण फेरी. 'चुका नाहीत' असा निकाल आला तरच गाडीत. परत करायची मुदत संपायच्या आत करा म्हणजे झालं.

---

मध्यलय

तिसऱ्या प्रश्नावर कुणी बोललं नाही, मी बोलतो. गाणी वेगळी ठेवा. कारणं रुक्ष आहेत: रेकॉर्डिंगचा ड्राइव्ह महिना-दीड महिन्यातून एकदा फॉरमॅट करायला हवा, त्यात गाणी जातात. तो कधीतरी बिघडणारच, त्याच्याबरोबर गाणी जातात. आणि गाडी सुरू झाली की म्युझिक सिस्टीम सगळी गाणी धुंडाळून यादी बनवते, त्याच वेळी कॅमेरे लिहायला लागतात. आधीच धापा टाकणाऱ्या ड्राइव्हकडून दोन्ही कामं.

गाण्यांना १६ किंवा ३२ जीबी खूप झालं. ३२० केबीपीएसचं एमपी३ मिनिटाला २.४ एमबी; पाच मिनिटांचं गाणं १२ एमबी. १६ जीबीत तेराशेच्या आसपास गाणी. त्याहून मोठा संग्रह भरला तर सिस्टीम दर वेळी यादी बनवत बसते आणि बऱ्याच सिस्टीमना फाइलींच्या संख्येची मर्यादा असते, त्यापुढची गाणी ती गुपचूप गाळते. तक्रारही करत नाही.

फॉरमॅट, म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडायची पद्धत, एफएटी३२ ठेवा. एक्सफॅट नव्या सिस्टीम वाचतात, जुन्या सगळ्या वाचत नाहीत. एनटीएफएस तर बहुतेक ठिकाणी दिसतच नाही. पार्टिशनचा प्रकार (ड्राइव्हच्या भागांची नोंद ठेवायची स्कीम) एमबीआर, म्हणजे मास्टर बूट रेकॉर्ड, हवा. मॅकवर फॉरमॅट करत असाल तर डिस्क युटिलिटीत 'सगळी उपकरणं दाखवा' करून वरचा मूळ ड्राइव्ह निवडा, तेव्हाच स्कीम बदलायची जागा दिसते. तिथे मास्टर बूट रेकॉर्ड निवडा. नुसतं आतलं व्हॉल्यूम पुसलं तर जुनी स्कीम तशीच राहते आणि गाडी म्हणते 'यूएसबी रिकामा आहे'. मॅक आणखी एक उपद्व्याप करतो: प्रत्येक गाण्याबरोबर टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणारी चार केबीची छुपी फाइल टाकतो. काही सिस्टीमना ती गाणं वाटते आणि एकाआड एक 'फाइल चालत नाही' असं येतं. विंडोजच्या मशीनवर छुप्या फाइली दाखवून त्या पुसा.

मराठी नावांचा प्रश्न हमखास येतो. पडद्यावर चौकोन दिसत असतील तर सिस्टीममध्ये देवनागरी फाँटच नाही; नावं रोमन लिपीत करण्यावाचून इलाज नाही. प्रश्नचिन्हं किंवा विचित्र अक्षरं दिसत असतील तर टॅगची (गाण्याच्या फाइलमधली नाव-गायकाची नोंद) आवृत्ती चुकली असण्याची शक्यता जास्त. एमपी३टॅग या मोफत प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये आयडी३ आवृत्ती २.३ आणि यूटीएफ-१६ निवडा, सगळी गाणी निवडून पुन्हा सेव्ह करा. अनेक सिस्टीमना २.४ वाचता येत नाही. मुखपृष्ठाचं चित्र ५०० गुणिले ५०० च्या आत, साधं जेपीईजी. प्रोग्रेसिव्ह प्रकारचं असलं की काळा चौकोन.

गाण्यांचा क्रम हा आणखी एक छळ. काही सिस्टीम नावाप्रमाणे लावत नाहीत, ज्या क्रमाने कॉपी झाली त्या क्रमाने वाजवतात. नाट्यसंगीताच्या फोल्डरमध्ये भैरवी पहिली आणि नांदी शेवटी. फॅटसॉर्ट किंवा ड्राइव्हसॉर्ट यांपैकी एकाने ड्राइव्हवरची नोंदणी नावाप्रमाणे लावून घ्या. नावाआधी ००१, ००२ असे आकडे ठेवा, नुसते १, २ ठेवले तर १ नंतर १० येतो. स्ट्रीमिंग अ‍ॅपमधून 'डाउनलोड' केलेली गाणी कुलूपबंद असतात, ती पेनड्राइव्हवर टाकून वाजणार नाहीत. यावर रोज एक जण हटकून विचारतो म्हणून आधीच सांगतो.

---

औंधचा_वाटसरू

अडचण अशी की डेटा जाणारं पोर्ट एकच आहे, ग्लोव्हबॉक्समधलं. मधल्या कन्सोलमधल्या दोन टाइप-सी पोर्टना पेनड्राइव्ह लावला तर काहीच होत नाही. एकाच कार्डाचे दोन भाग करता येतील का?

---

फ्लॅश_पुराण

ती दोन्ही नुसती चार्जिंगची असणार. जिथे फक्त बॅटरीचं किंवा विजेचं चिन्ह आहे तिथे डेटाच्या तारा बहुधा जोडलेल्याच नसतात.

दोन भाग करता येतात. विंडोज १० किंवा ११ वर स्टार्टवर उजवं क्लिक, डिस्क मॅनेजमेंट. क्षमतेवरून आपलंच कार्ड आहे हे दोनदा तपासा, कारण इथली चूक परत फिरवता येत नाही. आहे तो भाग डिलीट करा. मग रिकाम्या जागेवर नवीन सिंपल व्हॉल्यूम, आकार ८१९२० एमबी, एक्सफॅट: हा रेकॉर्डिंगचा. उरलेल्यात दुसरा, ३०७२० एमबी, एफएटी३२: हा गाण्यांचा. ३२ जीबीपेक्षा मोठा भाग केला तर ती खिडकी एफएटी३२ चा पर्यायच देत नाही, म्हणून हा आकडा. १२८ जीबीचं कार्ड विंडोजला ११९ च्या आसपास दिसतं, त्यामुळे आठ-नऊ जीबी उरतील. तशीच सोडा.

पण आधी गाडी दुसरा भाग बघते का ते पाहा. अनेक सिस्टीम पहिलाच भाग ओळखतात. टेस्लावाल्यांसाठी: तिथे दोन भाग चालतात, रेकॉर्डिंगच्या भागात 'टेस्लाकॅम' नावाचं फोल्डर सगळ्यांत वरच्या पातळीवर हवं, एकच शब्द, इंग्रजीत, टी आणि सी कॅपिटल. ज्या भागात ते फोल्डर आहे तिथली गाणी गाडी वाजवत नाही. कंट्रोल्समधल्या सेफ्टीत जाऊन गाडीतूनच फॉरमॅट केलं तर फोल्डर आपोआप बनतं, पण दोन भाग केलेल्या कार्डावर ते बटण दाबू नका.

दोन भाग केले तरी चिप एकच, तापणार एकत्र, मरणार एकत्र. गाणी फोनवरून ब्लूटूथने किंवा अँड्रॉइड ऑटोवर वाजवता येत असतील तर हा खटाटोप टाळलेला बरा.

---

बारा_व्होल्ट

किंवा एका पोर्टची अनेक करणारा छोटा यूएसबी हब. गाडी हब ओळखते का ते मॅन्युअलमध्ये बघा, नाहीतर उसना आणून दहा मिनिटं लावा. कार्ड रीडर आणि एक पेनड्राइव्ह मिळून ५०० मिलिअँपिअरच्या आत बसतात. त्याच हबवर फोन चार्जिंगला लावला की संपलं, व्होल्टेज पडून दोन्ही ड्राइव्ह सुटतात.

काढण्या-घालण्याबद्दल. एक्सफॅटमध्ये चाललेल्या कामाची नोंद ठेवायची सोय नाही. लिहिताना वीज गेली की शेवटची फाइल शून्य बाइटची, कधी अख्खी यादीच बिघडते. म्हणून गाडी बंद करून लगेच कार्ड उपटू नका. पडद्यावर रेकॉर्डिंग थांबवा, लाल ठिपका गेला की मग काढा. टेस्लात डॅशकॅमच्या चिन्हावर बोट दाबून धरलं की थांबतं. 'ड्राइव्हमध्ये दोष आहे' असं विंडोज म्हणालं तर आधी क्लिप दुसरीकडे कॉपी करा, दुरुस्ती नंतर. दुरुस्ती करताना अर्धवट फाइली ती तोडून टाकते.

आणि एक सेटिंग, जे पुण्यात सगळ्यांचं चुकलेलं असतं. धक्का बसला की क्लिप कुलूपबंद करणारा जी-सेन्सर. कारखान्यातून मध्यम किंवा जास्तवर येतो. आपल्याकडे गल्लीगल्लीत गतिरोधक, त्यामुळे प्रत्येक उडीला एक क्लिप कुलूपबंद. बऱ्याच कॅमेऱ्यांत या क्लिप आपोआप पुसल्या जात नाहीत. महिन्याभरात ड्राइव्ह त्यांनीच भरतो आणि 'जागा नाही' असा इशारा येतो. माणूस दुकानात जाऊन मोठं कार्ड घेऊन येतो. सेन्सर सगळ्यांत कमीवर ठेवा. खऱ्या धडकेला तो तरीही जागा होतो.

---

कागदपत्र

अपघाताची क्लिप पुरावा म्हणून लागली तर काय, हे इथे जोडतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे. त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंद सादर करताना प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइलमधल्या डेटावरून निघणारी तिची ओळखखूण, फाइल जराही बदलली की तीही बदलते) लिहायचं असतं. म्हणून घटना झाली की सेव्हचं बटण दाबा, रेकॉर्डिंग थांबवा, कार्ड काढून बाजूला ठेवा आणि गाडीत दुसरं घाला. क्लिप कापू नका, नाव बदलू नका. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'गेट-फाइलहॅश' या आज्ञेने एसएचए-२५६ प्रकारचं हॅश मूल्य निघतं, ते तारखेसह लिहून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवलेली प्रत दाबून लहान केलेली असते, तिचं हॅश मूळ फाइलशी कधीच जुळणार नाही. विमा कंपनीला पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. कॅमेऱ्यातली तारीख-वेळ महिन्यातून एकदा फोनशी ताडून बघा. १० मिनिटांनी मागे असलेल्या घड्याळाचा खुलासा करत बसावं लागतं.

---

औंधचा_वाटसरू

१२८ जीबी एन्ड्युरन्स कार्ड, रीडर आणि हब असं ठरवतो. शेवटचं एक: हा जुना नखाएवढा पेनड्राइव्ह टाकून द्यायचा का?

---

मध्यलय

अजिबात नको. गाण्यांना तोच लावा. वाचण्यात त्याला ना ब्लॉक पुसावे लागतात ना उचल-ठेव, त्यामुळे तापणंही कमी. आधी एचटूटेस्टडब्ल्यूची फेरी, चुका शून्य आल्या तर ३० जीबीचा एकच एफएटी३२ भाग करा आणि बाकी जागा रिकामी सोडा. उन्हात महिनोन्महिने पडून राहिल्यावर फ्लॅशमधला डेटा हळूहळू कमजोर होतो, म्हणून मूळ संग्रह घरच्या डिस्कवर हवाच. वर्षातून एकदा सगळं पुसून तिथून पुन्हा भरा, आणि भरल्यावर फॅटसॉर्ट विसरू नका, नाहीतर पुन्हा भैरवीपासून सुरुवात.